शहरात शिरायची वाट

मुंबई सोडून गेलेला माणूस बऱ्याच वर्षांनी परतला की त्याचं ठरलेलं वाक्य असतं, ‘आता ती मुंबई राहिली नाही.’ माझ्या आधीच्या पिढीकडून मी ते कितीतरी वेळा ऐकलं आहे. ३१ मार्च १९६४ला शेवटची ट्राम धावली. तिच्याबद्दल बोलताना लालबागच्या ओट्यांवरचे म्हातारे हेच म्हणायचे. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झालं, फोर्टातलं स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ साली, आणि सप्टेंबर २०२३मध्ये बेस्टची शेवटची डिझेलवरची दुमजली बस रस्त्यावरून गेली, तेव्हा माझ्या वयाच्या माणसांनीही तोच सूर लावला. विशीत ज्याला जे मिळालं, तीच त्याची मुंबई. त्यामुळे या हळहळीतून बोलणाऱ्याचं वय तेवढं कळतं, शहराबद्दल फारसं काही कळत नाही.

नोकरीने मला आधी भोपाळला आणि मग बंगळुरूला नेलं. मधल्या काळात मुंबईला येणं झालं ते लग्नाकार्यापुरतं, मयतापुरतं, आणि तेही विमानतळ किंवा दादर स्टेशन ते कार्यालय एवढंच. २०२५च्या पावसाळ्यात मात्र ठरवून राहायला आलो. लालबाग, परळ, करी रोड, वरळी असा रोज पायी फिरलो. मुंबई माझी फार आवडती आहे. तिने मला माणसांत आणलं, असं मी आजही कुणालाही सांगेन. म्हणूनच काय गेलं आणि काय उरलं याची यादी मला करायची नव्हती. मी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधत होतो. खिशात पैसे नसताना मी ज्या वाटेने या शहरात शिरलो, ती वाट आज अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला किंवा पोरीला मोकळी आहे का?

माझ्यासाठी ती वाट म्हणजे आमच्या गावाची खोली. कोकणातल्या आणि आमच्या चंदगड-आजऱ्याकडच्या असंख्य गावांनी गिरणगावात अशा खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. कुणी त्यांना गाळा म्हणत, कुणी नुसतंच ‘मंडळ’. आमची खोली करी रोडला, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी होती. भिंतींना वरपर्यंत फळ्या ठोकलेल्या आणि फळ्यांवर पत्र्याच्या ट्रंका. प्रत्येक ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नाव आणि खाली गल्ली: वरली गल्ली, मधली गल्ली, धनगरवाडा. छताखाली ताणलेल्या दोऱ्यांवर कपडे. कोपऱ्यात मोरी, तिच्याशेजारी पाण्याचं पिंप. झोपायचं खाली, ओळीने. उन्हाळ्यात निम्मे लोक गॅलरीत नाहीतर रस्त्याकडेच्या फूटपाथवर. गिरण्या तिन्ही पाळ्या चालत तेव्हा एकाच वळकटीवर तीन माणसं आळीपाळीने झोपायची, असं जुने लोक सांगत. मी आलो तेव्हा १९८२चा संप होऊन काही वर्षं लोटली होती. बऱ्याच ट्रंकांचे मालक गावी परतले होते आणि खोलीत जागा झाली होती.

भिंतीवर गावदेवीच्या फोटोखाली मंडळाचे नियम लिहिलेला पुठ्ठा होता. दारू पिऊन आलेल्याला आत घ्यायचं नाही. पाहुणा तीन रात्रींवर ठेवायचा नाही. पिंप भरायच्या पाळ्या चुकवायच्या नाहीत. आणि शेवटचा नियम असा, की गावाकडून नव्याने आलेल्या पोराला नोकरी लागेपर्यंत, जास्तीत जास्त सहा महिने, भाडं माफ. नोकरी लागली की पहिल्या पगारातून त्याने मंडळाला वर्गणी द्यायची. मग पुढचं पोर आलं की त्याचं भाडं त्या वर्गणीतून भागायचं. माझं नावही मंडळाच्या वर्गणीच्या वहीत आहे. दिवसा छापखान्यात आणि संध्याकाळी रात्रीच्या कॉलेजात मी जी वर्षं काढली, ती या एका नियमावर उभी आहेत.

त्या सहा महिन्यांना मी फार मोल देतो. गावाकडच्या हुशार पोराला शहरात येऊन चुका करायला, दोन नोकऱ्या सोडायला, एका परीक्षेत नापास व्हायला जो अवकाश लागतो, तो पैसेवाल्यांच्या मुलांना बापाकडून मिळतो. आम्हाला तो मंडळाने दिला.

पोटाची सोय खाणावळीत. गिरणी कामगाराच्या बायकोने, बहुतेकदा संप-टाळेबंदीच्या दिवसांत, आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाच-दहा जणांचं जेवण सुरू करायचं. सकाळी डबा, रात्री ताट. भाकरी, पातळ भाजी, भात-आमटी, रविवारी मटणाचा रस्सा. हिशेब महिनाअखेरीला. आमच्या मावशी पगार लांबला तरी ताट थांबवत नसत, वहीत आकडा तेवढा वाढायचा. हा आकडा त्या कुठून भागवत होत्या, ते मला पुष्कळ उशिरा कळलं. सावकाराकडून जबर व्याजाने पैसे काढून, गळ्यातलं गहाण ठेवून या बायका जेवू घालत. गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी हे ओळखलं आणि १९७५मध्ये खाणावळवाल्या बायकांची संघटना बांधली. अन्नपूर्णा महिला मंडळ ती हीच. या बायकांना एकमेकींच्या जामिनावर बँकेचं कर्ज मिळवून देणं हे तिचं पहिलं मोठं काम. गिरणगावाचा इतिहास लिहिताना भोंगे आणि मोर्चे येतात, ते यायलाच हवेत. पण लाखो माणसांना दोन वेळ जेवू घालणारी ही उधारीची व्यवस्था त्याच तोलामोलाची होती, आणि ती जवळजवळ सगळी बायकांच्या अंगावर होती.

राहायला खोली, जेवायला खाणावळ, फिरायला लोकलचा पास, वाचायला फुकटातलं वाचनालय. या चार गोष्टींवर मुंबईत माणूस उभा राहायचा. परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन लहान खोल्यांत बाबासाहेब आंबेडकर १९१२पासून १९३४पर्यंत राहिले. परदेशातून पदव्या घेऊन आल्यावरही त्यांचं बिऱ्हाड तिथेच होतं, दादरचं राजगृह त्यानंतरचं. अण्णा भाऊ साठे वाटेगावहून आई-वडिलांबरोबर पायी मुंबईला आले आणि गिरणगावात वाढले. रस्त्यावर सापडलेल्या नारायण सुर्व्यांना गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी नेलं. मराठीच्या गेल्या शतकातल्या किती मोठ्या माणसांना या वस्तीने आधी निवारा दिला आणि मग आवाज दिला, याची आठवण आपण ठेवली पाहिजे.

पण ती वाट सगळ्यांना सारखी नव्हती, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. विणाई खात्यात पगार जास्त. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे. या उष्ट्याच्या नावाखाली सवर्ण कामगार दलितांना त्या खात्यात पाय ठेवू देत नसत. १९२८च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला होता. गावाच्या खोल्यांचंही तेच. गावात ज्याचं घर वेशीबाहेर, त्याची ट्रंक बहुतेक मंडळांच्या फळीवर नसे. त्याचं मंडळ वेगळं, खोली वेगळी, नाहीतर नाहीच. आणि मुली? गावाची खोली म्हणजे फक्त पुरुषांची. माझ्याहून हुशार अशी माझी चुलतबहीण मी मुंबईला आलो त्याच वर्षी बारावी झाली. तिला मुंबईत उतरायला जागाच नव्हती. तिचं शिक्षण तिथे थांबलं. जुन्या गिरणगावाबद्दल गहिवरून लिहिणाऱ्यांनी या दोन गोष्टी गाळू नयेत.

ही वाट बुजली कशी, हे आता कागदपत्रांतून नीट दिसतं. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर बहुतेक गिरण्या पूर्वीसारख्या कधी चालल्या नाहीत. उरल्या त्या जमिनी: ५८ गिरण्यांच्या मिळून सहाशे एकरांच्या आसपास, बेटाच्या ऐन मध्यावर. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने त्यांचे तीन वाटे ठरवले. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या साऱ्या जमिनींचा एकत्र विचार करून आराखडाही दिला. पण २००१मध्ये नियमाचे शब्द बदलले. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची, गिरणीचं बांधकाम उभं असलेली जमीन हिशेबाबाहेर. गिरणीच्या आवारात मोकळी जागा असणार किती! उच्च न्यायालयाने २००५मध्ये हा अर्थ फेटाळला, सर्वोच्च न्यायालयाने २००६मध्ये तो मान्य केला, आणि शहराच्या हाती येऊ शकणारी शेकडो एकर जमीन काही एकरांवर आली. मुंबईच्या गेल्या पन्नास वर्षांत यापेक्षा मोठं नुकसान झालेलं मला दिसत नाही. घरासाठी दीड लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले. त्यांच्यापुढे शेलू-वांगणीच्या घरांचा प्रस्ताव आला. त्याला विरोध करण्यासाठी ही म्हातारी माणसं २०२५च्या जुलैत भर पावसात आझाद मैदानावर बसली. परळच्या जमिनीवर हयात घालवलेल्या माणसाला कर्जतच्या अलीकडे घर देऊ करणं हा अन्याय आहे.

जनगणनेचा एक आकडा मला सगळ्यात बोलका वाटतो. मुंबई शहर जिल्हा, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचं बेट. २००१ला इथली लोकसंख्या साडेतेहतीस लाखांच्या आसपास होती, २०११ला ती एकतीस लाखांच्याही आत आली. देशाची लोकसंख्या वाढत असताना, आणि याच बेटावर डोळे फाटतील एवढे उंच टॉवर चढत असताना, माणसं कमी झाली. घरं वाढली आणि राहणारे घटले, असं याच दशकात इथे घडलं.

आता नव्या मुंबईतलं मला जे आवडलं ते. भुयारी मेट्रो २०२५च्या मे महिन्यात वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आली. वांद्रे-कुर्ला संकुलातून मी तिने गेलो. थंड, स्वच्छ, आणि डब्यात शेजारी बसलेली कामगार बाई निवांत डुलकी काढत होती. या शहरात मी बसल्या जागी झोपलेल्या बायका लोकलमध्ये पाहिल्या, पण इतक्या निर्धास्त नाही. वरळीच्या बी.डी.डी. चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींतही गेलो. १९२०च्या दशकात बांधलेल्या त्या चाळींत एका कुटुंबाला एकशेसाठ चौरस फुटांची खोली आणि मजल्यावर सगळ्यांत मिळून संडास. नव्या इमारतींतल्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या २०२५च्या ऑगस्टमध्ये दिल्या गेल्या, घर पाचशे चौरस फुटांचं. छापखान्यातल्या माझ्या जुन्या सोबत्याच्या कुटुंबाला तिथे घर मिळालं आहे. तो स्वतः दोन वर्षांपूर्वी गेला. वहिनींनी मला आधी हॉल दाखवला नाही, देव्हारा दाखवला नाही. संडासाचं दार उघडलं, दिवा लावला, नळ सोडून दाखवला आणि म्हणाल्या, “भाऊजी, रात्री कुणाला उठवून सोबत न्यावं लागत नाही आता. यांनी हे बघायला पाहिजे होतं.”

चाळीतलं एकत्र जगणं गेलं म्हणून हळहळणाऱ्यांनी त्या नळाखाली हात धरून उभं राहावं. शेजारधर्म मोठा खरा. पण त्यासाठी बाईने जन्मभर संडासाच्या रांगेत उभं राहावं, असं म्हणण्याचा अधिकार परत आलेल्या पाहुण्याला नाही. पुनर्विकास व्हायला हवा होता. ज्यांचं घर आधीच इथे होतं, त्यांना तो पावला, निदान वरळीत.

माझा प्रश्न ज्यांचं इथे काहीच नाही त्यांच्याबद्दल आहे. मरोळला एका हॉटेलाबाहेर ऑर्डरची वाट पाहत बसलेल्या मुलाशी मी बोललो. मुखेडकडचा, वय वीस. बारावी झालेला, पोलीस भरतीची तयारी करतोय. राहतो कॉट बेसिसवर, एका खोलीत नऊ जण, कॉटचे महिना सहा हजार आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट. खोलीत स्वयंपाकाला मनाई, म्हणून जेवण बाहेर. आधी नालासोपाऱ्याला स्वस्तात राहत होता, पण येण्याजाण्यात तीन तास मोडायचे आणि तेवढ्या ऑर्डरी बुडायच्या. मी विचारलं, महिनाभर काम नाही मिळालं तर? “मग गावाला. इथं काम नसताना एक दिवस पण राहता येत नाही, काका.”

हीच ती जागा, जिथे वाट बंद झाली आहे. हा मुलगा त्या वयातल्या माझ्याहून जास्त कमावतो, जास्त तास राबतो, त्याच्या हातात फोन आहे, दुचाकी आहे. फक्त त्याच्या मागे कुणाची वही नाही. पडला तर सावरायला त्याला सहा महिने कुणी देणार नाही. कॉटचा मालक त्याचा गाववाला नाही, जेवण देणारं हॉटेल उधारी ठेवत नाही, आणि कामाचा मालक तर त्याला कधी दिसलेलाच नाही. बेस्टचं कमीत कमी तिकीट २०२५च्या मे महिन्यात पाचाचं दहा झालं. बसथांब्यावर उभ्या असलेल्या अशा मुलांना त्या पाच रुपयांचा अर्थ बरोबर कळतो. लोकलचा पास अजून स्वस्त आहे, ही या शहराची मोठी पुण्याई. पण बेटावर घर न परवडणारे कल्याण-कसाऱ्यापर्यंत गेले आणि डबे पुरेनासे झाले. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ दाराशी लटकलेली माणसं रुळांवर पडून मेली. घर कुठे परवडतं याचा आणि त्या मृत्यूंचा थेट संबंध आहे.

यावर सरकारने काय करावं, हे सांगणारे पुष्कळ आहेत. भाड्याची स्वस्त घरं बांधावीत, नोकरदार मुलींची वसतिगृहं वाढवावीत, गिरण्यांच्या उरल्यासुरल्या जमिनीतून बेटावरच कामगारांना घरं द्यावीत. या सगळ्याला माझा पाठिंबा आहे. पण एक गोष्ट आपल्या हातातली आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

आमच्या मंडळाची करी रोडची चाळ पुनर्विकासात गेली. त्या खोलीच्या बदल्यात मंडळाला नव्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर, एक फ्लॅट मिळाला. मी तो पाहायला गेलो तेव्हा दार एका बँक अधिकाऱ्याच्या बायकोने उघडलं. मंडळाने तो अकरा महिन्यांच्या कराराने भाड्याने दिला आहे. भाडं चांगलं येतं. त्यातून गावच्या देवळाचा सभामंडप झाला, कमान झाली, आता कळस व्हायचा आहे. मंडळाचे पदाधिकारी प्रामाणिक आहेत, पै न् पैचा हिशेब देतात. “आता मुंबईला येतंय कोण? सगळी पोरं पुण्याला जातात,” हे त्यांचं म्हणणं. मी गावी फोन करून विचारलं. आमच्या एकट्या गावची अकरा मुलं आणि चार मुली आज मुंबई-ठाण्यात आहेत. दिवा, घणसोली, साकीनाका, मिळेल तिथे, कॉट बेसिसवर. मंडळाची मुंबईत खोली होती, हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊकही नाही. बिल्डरला आणि सरकारला आपण दोष देतो, तो रास्तच आहे. पण मुंबईत शिरायची जी एक जागा गावाच्या नावावर अजून शिल्लक आहे, ती आपणच भाड्याने देऊन बसलो आहोत. देवळाला कळस अजून चार वर्षांनी चढला तरी चालेल.

लालबाग, परळ, डिलाईल रोड, शिवडी भागात अशा किती मंडळांच्या खोल्या असतील! कितीक चाळी अजून पुनर्विकासाच्या रांगेत आहेत. त्या खोल्यांचं काय करायचं, हे येत्या काही वर्षांत त्या त्या मंडळाच्या सभेत ठरेल. तुमच्या गावाची मुंबईत अशी खोली किंवा तिच्या बदल्यात मिळालेला फ्लॅट असेल, तर हा विषय यंदाच्या सभेत घ्या. भाडेकरूचा करार संपू द्या आणि पुन्हा करू नका. शिकायला किंवा नोकरी शोधायला आलेल्यांसाठी कॉट टाका, पहिले सहा महिने भाडं माफ करा, नोकरी लागल्यावर वर्गणी घ्या. गावातल्या कुठल्याही वाडीच्या, कुठल्याही जातीच्या मुलाला तिथे जागा असेल, हे ठरावात लिहून घ्या. आणि शेजारच्या गावाच्या मंडळाशी बोलून एक खोली मुलांना, एक मुलींना अशी वाटणी करा, म्हणजे बारावी झालेल्या पोरीलाही दादरला उतरल्यावर कुठे जायचं ते माहीत असेल.

आमच्या मंडळाची वार्षिक सभा जानेवारीत आहे. ठराव मी लेखी दिला आहे, आणि त्यावर आतापर्यंत सात सह्या झाल्या आहेत.